चहाशिवायचा केक

प्रिय दादा,

बाबा गेल्यावर बेकरी माझ्यावर सोपवताना तू एकच बजावलं होतंस, "काहीही बदल, पण बाबांच्या संत्र्याच्या केकला हात लावू नकोस." थंडीत महिनाभरच निघणारा तो केक. लावला रे हात! मैदा कमी केला, रस वाढवला, थोडं दही घातलं. आता सुरी टेकवली की कापला जातो.

समोरचे शिंपीकाका म्हणाले, "तुझ्या बाबांच्या हाताची सर नाही."

मी म्हटलं, "काका, त्यांचा केक चहात बुडवून खायचात. हा नुसताच संपवलात की!"

काका जाताना आणखी दोन तुकडे बांधून घेऊन गेले.

आई इतकी वर्षं एकच तुकडा उचलायची, "बाकीचा गिऱ्हाइकांना राहू दे" म्हणायची. काल तिने तीन खाल्ले. बोटं चाटत म्हणाली, "तुझ्या बाबांचा केक म्हणजे दगड होता गं, दगड! पण दादाला कळवू नकोस, त्याला वाईट वाटेल."

म्हणून हे पत्र पेटीत टाकत नाही. तू येशील तेव्हा तुझ्या बशीत बाबांचाच केक असेल, सोबत गरम चहा. आईच्या बशीकडे मात्र बघू नकोस.

तुझी आगाऊ,
धाकटी