धडधाकट माणसाचा स्कॅन

४ फेब्रुवारी

मायलेकी कुजबुजतात! मी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की चिडीचूप. मग लेक मला विचारते, "बाबा, बाहेर गार आहे ना?" या मुलीने जन्मात कधी मला हवेबद्दल विचारलेलं नाही.

माझी अख्खी नोकरी विम्याचे खोटे दावे पकडण्यात गेली. ऑफिसात मला 'भिंग' म्हणायचे – तोंडावर नाही, पण मला ठाऊक होतं, आणि आवडायचंही. आता माझ्याच घरात माझ्यापासून लपवाछपवी? पाणी कुठेतरी मुरतंय.

अंदाज – हिचं औषधांचं दुकान विकायचं घाटतंय. जावयाचा डोळा असणार त्यावर.

७ फेब्रुवारी

जावयाला आडून विचारलं, "आईंचं दुकान बरं चाललंय ना?" तो कपात बघत "हो हो" म्हणाला. दोनदा 'हो' म्हणणाऱ्यावर मी कधीच विश्वास ठेवला नाही.

११ फेब्रुवारी

दुकान नाही. स्कॅन!

हिनेच सांगितलं, जेवणं झाल्यावर, भांडी उचलता उचलता. मध्यंतरी काउंटरवर दोन हातांत गोळ्यांच्या दोन पट्ट्या घेऊन उभी होती – एक रक्तदाबाची, एक साखरेची. कुठली कशाची, आठवेना. गिऱ्हाईक समोर ताटकळतंय. शेवटी "माल संपलाय" म्हणून त्याला परत पाठवलं. मग लेकीला घेऊन परस्पर मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. तिथे प्रश्नोत्तरं झाली, घड्याळाचं चित्र काढून झालं. आता मेंदूचा स्कॅन करायचाय.

मी म्हटलं, "परवा मी शेजाऱ्याला त्याच्या भावाच्या नावाने हाक मारली. म्हणून काय मेंदूचे फोटो काढत हिंडू?"

"तुम्ही पहिल्यापासूनच तसे," ही म्हणाली. "पण मी औषधं देते लोकांना. मला विसरून चालेल का हो?"

मला आधी का नाही सांगितलं? तर म्हणे, "तुम्ही लगेच चौकशी लावली असती."

म्हणजे काय! लावायची नाही?

१९ फेब्रुवारी

स्कॅन झाला. मी तिथली हवा नीट बघून आलो. तळमजल्यावर मशीन, वरच्या मजल्यावर डॉक्टरीणबाई. एकाच छपराखाली! वरून माणूस खाली पाठवायचा, खालून चित्र वर पाठवायचं. चोर-चोर मावसभाऊ.

हिला इंजेक्शन देऊन एका खोलीत पडून राहायला सांगितलं. मला आत सोडलं नाही. मशीनवाली बाई म्हणाली, मेंदूत नको ते प्रथिन साचलेलं असलं तर इंजेक्शनमधलं औषध त्याला जाऊन चिकटतं आणि चित्रात तेवढी जागा उजळते. छान गोष्ट आहे. गोष्टी मीही पुष्कळ ऐकल्यात.

वेळ होता म्हणून बाकड्यावरच्या मंडळींकडे चौकशी केली. एक निवृत्त ड्रायव्हर, रिपोर्ट न्यायला आलेला – आजार निघालाय. एक बाई भावाला घेऊन – त्याला पण निघालाय. ज्याला त्याला निघतो!

ही बाहेर आली ती केस विस्कटून. डोकं एका कड्यात घालून निपचित पडायचं असतं म्हणे. "कंटाळा आला म्हणून मनातल्या मनात दुकानातली कपाटं लावत होते," म्हणाली.

"लागली सगळी?"

"लागली की."

घ्या!

२७ फेब्रुवारी

निकाल लागला. डॉक्टरीणबाईंनी स्क्रीन आमच्याकडे वळवला. इथे उजळलंय, इथेही उजळलंय, चाचण्यांशीही जुळतंय. अल्झायमरची सुरुवात. "आजार वाढायच्या आधी कळलं, हे बरं झालं." बरं झालं!

औषध आहे. सलाईनमधून, ठरावीक दिवसांनी. गेलेलं परत येत नाही, पुढचं जाणं थोडं मंदावतं. मेंदूला सूज येऊ शकते, म्हणून मधूनमधून पुन्हा फोटो. "घरी बोलून ठरवा, पण फार लांबवू नका. सुरुवातीलाच उपयोग असतो त्याचा."

'फार लांबवू नका' – हे वाक्य मी किती भामट्यांच्या तोंडून ऐकलंय!

गाडीत बसल्यावर हिने माझा हात धरला. घरापर्यंत सोडला नाही.

२ मार्च

दुखत नाही, खुपत नाही, वरून दिसत नाही – तरी आहे! असला माल फक्त लबाडच विकतात.

८ मार्च

मीच हिची परीक्षा घ्यायला लागलोय. सहज विचारल्यासारखं. आपल्या पहिल्या घराचा मालक कोण? – नाव, आडनाव आणि त्याची खोकण्याची पद्धत, सगळं सांगितलं. लेकीला कांजिण्या आल्या तेव्हा मी कुठे होतो? – "गोदामाच्या आगीमागे. नेहमीप्रमाणे." टोमण्यासकट आठवतंय! आणि म्हणे आजार.

लेकीला फोन केला. "बाबा, जुनं शेवटी जातं. नवं आधी जातं," म्हणाली. लेकीला कुणी शिकवलं हे? त्या डॉक्टरीणबाईनेच.

मग म्हणाली, "औषध सुरू करायला हो म्हणा ना. आई तुमच्या होकारासाठी थांबलीये."

मी म्हटलं, चौकशी पुरी होऊ दे.

१५ मार्च

आज दुकानात बसलो होतो. बेकरीवाली आली. वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक. ही तिला बघताच तिच्या थायरॉईडच्या गोळ्या काउंटरवर काढून ठेवते, तिला तोंड उघडावं लागत नाही. आज हिने हसून विचारलं, "बोला, काय देऊ?"

बेकरीवाली माझ्याकडे बघायला लागली. मी रस्त्याकडे.

तिच्या गोळ्या बदलल्या असतील. विचारणं योग्यच आहे. ही काटेकोरच आहे पहिल्यापासून.

१८ मार्च

ठरलं. सापळा लावायचा.

नोकरीत आमची एक हुकमी युक्ती होती. एखाद्या दवाखान्याचा संशय आला की तिथे आपला एक धडधाकट माणूस पेशंट म्हणून पाठवायचा. निरोगी माणसाला आजार चिकटवला की चोर रंगेहाथ सापडला! एका डोळ्यांच्या दवाखान्याने आमच्या शिपायाच्या ठणठणीत डोळ्यात मोतीबिंदू शोधून काढला होता. महिन्याभरात टाळं लागलं.

या वेळी धडधाकट माणूस मी. वय तेच, तक्रारी हिच्याच, शब्दन् शब्द. माझ्याही डोक्यात त्यांचा तो उजेड पडला, की मशीन खोटं, चित्र खोटं, बाई खोटी. आणि ही ठणठणीत!

हे लिहितानाच किती हलकं वाटलं.

२२ मार्च

गल्लीतल्या डॉक्टरमित्राकडे गेलो. त्यालाही खरं सांगितलं नाही – त्याच्या पोटात तीळ भिजत नाही. घड्याळ काढायला लावलं तर अकरा दोनदा काढले आणि सहा गाळले. वार विचारला तर छताकडे बघत बसलो. नाटकात जायला हवं होतं मी! बिचाऱ्याचा चेहरा पडला. माझ्या खांद्यावर थोपटून त्याने स्कॅनसाठी चिठ्ठी लिहिली. जरा वाईट वाटलं.

२७ मार्च

स्कॅन केला. त्याच तळमजल्यावर. मशीनवाल्या बाईने ओळखलं. "अरे, तुम्ही पण?" मी बापुडवाणा चेहरा केला. मनात म्हटलं, लागला मासा गळाला. नवरा-बायको दोन्ही गिऱ्हाइकं!

कड्यात डोकं घालून पडलो. ही इथेच पडली होती. हिने कपाटं लावली, मला लावायला काहीच सुचेना. डोळ्यांपुढे सारखी बेकरीवाली येत होती.

३१ मार्च

घोटाळा झाला. डॉक्टरमित्र हिच्या दुकानात जाऊन बोलला. "वहिनी, धीर धरा. आता दोघांनी एकमेकांना सांभाळायचं."

ही दुकान बंद करून भरदुपारी घरी आली. ओरडली नाही. माझ्या शेजारी बसली. "मला का नाही सांगितलंत?" म्हणाली. "मी तुम्हाला सांगितलं नव्हतं, त्याचा राग काढलात का हो?"

खरं सांगायला तोंड उघडलं. पण काय सांगणार – तुझ्या आजारावर माझा विश्वास नाही, म्हणून चोर पकडायला गेलो होतो? तोंड मिटलं.

पाठमोरी होऊन रडत होती. स्वतःच्या रिपोर्टाला एक थेंब काढला नव्हता हिने!

३ एप्रिल

आज मी स्वतःहून म्हटलं, तू औषध सुरू कर. तर आता हीच ऐकत नाही. "आधी तुमचं कळू दे. मी सलाईन लावून पडले आणि तुम्ही वाट चुकलात तर?" माझ्या खिशात पत्त्याचा कागद घातलाय. गॅसपाशी फिरकू देत नाही. सकाळी माझ्या रक्तदाबाची गोळी हातावर ठेवली, मी गिळेपर्यंत उभी राहिली. अर्ध्या तासाने पुन्हा गोळी घेऊन आली.

"आत्ताच घेतली की," मी म्हटलं.

माझ्याकडे इतक्या कीवेने बघितलं! तिला वाटलं, मीच विसरलो.

गोळी खिशात टाकली. भांडलो नाही. आता तो रिपोर्ट लवकर यावा. त्यात काहीतरी निघावं, एखादा डाग, एवढासा. काहीही निघावं.

९ एप्रिल

रिपोर्ट आला. लेकीने मोठ्याने वाचला. माझा मेंदू साफ, कुठेही काही उजळलेलं नाही.

ही लहान मुलीसारखी टाळ्या वाजवत आली, माझ्या गळ्यात पडली. "तुम्ही शाबूत आहात! अहो, तुम्ही शाबूत आहात! मग आता मी विसरले तरी चालेल."

मशीन खरं बोलतं. दोघांबद्दलही.

आयुष्यभर हुडकून हुडकून लबाड पकडले. आज एकच हवा होता.

सोमवारी हिचं पहिलं सलाईन.