सात नंबरचं भांडं

३ मार्च, सोमवार
आलो एकदाचे! साहेब म्हणत होते, क्वार्टर अजून तयार नाही, महिनाभर पाहुण्यांच्या इमारतीत राहा. मी कसला ऐकतोय! घरवाटपाच्या कारकुनाला दोनदा चहा पाजला आणि परस्पर किल्ली काढून घेतली. घरात कमी काहीच नाही. उलट छोट्या खोलीची एक भिंत कोरी करकरीत, पिवळी रंगवलेली. आमची लेक चिमणी म्हणाली, ही खोली माझी. तिचा पलंग त्याच भिंतीला लावून दिला. बायको म्हणाली, तुमच्या आगाऊपणाचा जन्मात पहिल्यांदा उपयोग झाला.

५ मार्च
मी तपासनीस म्हणून आलोय ते हे कोठार तीन देशांनी मिळून बांधलंय. कॅन्सरवरच्या जुन्या मशीनमधले किरणोत्सारी तुकडे इथे शिशाच्या जाड भांड्यांत ठेवतात, म्हणजे ते घातपात्यांच्या हाती लागू नयेत. भांडी बारा. रोज सकाळी दोन देशांच्या दोन तपासनिसांनी बरोबर आत जायचं, सीलचा नंबर फोटोशी ताडून पाहायचा आणि दोघांनी सही करायची. एकट्याने आत पाऊल टाकायचं नाही. एक माणूस फितूर होईल, दोघं एकदम कसे होतील? मला ही पद्धत भलतीच आवडली. माझा स्वभावच संशयी. बायको म्हणते, लोक दुधात पाणी शोधतात, तुम्ही पाण्यात दूध शोधता.

जोडीदार परदेशी, उंच, अबोल. डाव्या हातात कायम कातडी मोजा असतो, म्हणून मी मनातल्या मनात त्याचं नाव हातमोजा ठेवलंय. इसब आहे म्हणतो. माझ्याआधीचा तपासनीस तब्येतीमुळे गेला म्हणतात. काय झालं होतं विचारलं, तर याने विषयच बदलला.

१९ मार्च
हातमोजा आज घराची चौकशी करत होता. कुठलं क्वार्टर मिळालं? मी नंबर सांगितला तर त्याच्या हातातलं पेन पडलं. मग विचारतो, मुलगी कुठल्या खोलीत झोपते? याला काय करायचंय माझ्या मुलीशी? घरी येऊन बायकोला सांगितलं, दाराला कडी लावून बसत जा. ती म्हणाली, झालं का सुरू तुमचं.

२ एप्रिल
भांडं कितीही जाड असलं तरी जवळ गेलं की हातातल्या मीटरचा काटा जरासा हलतो. अकरा भांड्यांजवळ हलतो, सात नंबरजवळ हलत नाही. तीन दिवस पाहिलं. सील मात्र शाबूत. हातमोज्याला म्हटलं, उघडून पाहू. तो म्हणाला, करारात सील तपासा असं लिहिलंय, आत बघा असं नाही. उघडायला तिन्ही देशांची परवानगी लागते. साहेबांकडे गेलो. ते हसले, म्हणाले अर्ज माझ्याकडे द्या, मी पुढे पाठवतो. कुठेतरी पाणी मुरतंय.

११ एप्रिल, शुक्रवार
अर्जाचं काही कळलं नाही. चिमणीला चार दिवस उलट्या होताहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोटाचा संसर्ग. त्या धावपळीत मोठी चूक झाली. अंगावर किती किरण पडले त्याची बेरीज दाखवणारा बिल्ला आम्ही छातीवर लावतो. सुटल्यावर तो फाटकावर ठेवूनच जायचं असतं. माझा तसाच सदऱ्यावर घरी आला, आणि सदरा चिमणीच्या खोलीतल्या खुंटीवर. सोमवारी गुपचूप ठेवून देईन.

१४ एप्रिल, सोमवार
सहा आठवड्यांत बिल्ल्यावरचा आकडा जेमतेम तीनवर गेला होता. आज चारशे अठरा. हातमोज्यानेच त्यात काही केलं असणार, मी सातबद्दल बोललो म्हणून. पण सांगू कुणाला? पहिला प्रश्न येईल, बिल्ला घरी का नेलात? नोकरी जाईल. बटण दाबलं, आकडा शून्य केला, गप्प बसलो.

१७ एप्रिल
चिमणीच्या फणीत केस निघाले. मूठभर. बायको रडते आहे. चिमणीला दवाखान्यात ठेवलं, बायको तिच्यापाशी.

हातमोज्याने आज मोजा काढून दाखवला. बोटं काळी, सोललेली. म्हणाला, मुलीला त्या घरात ठेवू नका. मी त्याची कॉलर धरली. धमकी देतो काय मला—

१८ एप्रिल
आकडा वाढला तो घरी. शनिवार, रविवार, घरी! जगावर संशय घेणाऱ्या मला हे चार दिवस सुचलं नाही. की सुचू दिलं नाही? आज बिल्ला मुद्दाम खिशात घालून आणला.

१९ एप्रिल, शनिवार, सकाळ
स्वयंपाकघरात तासभर ठेवला. दोन.
पिवळ्या भिंतीला लावला. आकडे थांबेनात—

सातमधलं इथे आहे. तिच्या उशाशी. मी नोकरी सांभाळत बसलो आणि माझी पोर—

दुपार
साहेबांना फोन केला. म्हटलं, हरवलेला तुकडा माझ्या घरात आहे. ते शांतपणे म्हणाले, कुणाला सांगू नका, घरातच थांबा, भिंतीला हात लावू नका.

मी भिंतीचं नाव काढलं नव्हतं.

तुकडा चोरून इथे लपवला तो त्यांनीच; क्वार्टर तयार नाही म्हणाले ते याचसाठी. कुंपणानेच शेत खाल्लं.

तेव्हापासून फोन बंद. दवाखान्यात कळवायचं कसं? शेजारीणबाई चिमणीचं दप्तर घेऊन आत्ता तिकडेच निघाल्यात. ही वही त्यात टाकतो. शेजारच्या बाल्कनीतून हात पुढे करून उभ्या आहेत, घाई करा म्हणतात—

खाली गाडी थांबली. साहेब. मागून हातमोजा, मान खाली. दोघं आलेत. नियमाप्रमाणे, दोघं.

जिन्यात पावलं—

डॉक्टर, हा संसर्ग नाही. तिला किरण लागलेत, सहा आठवडे. बायकोलाही तपासा. बरं वाटलं तरी पोरीला घरी पाठवू नका, साहेबांनी कितीही सांगितलं तरी तिला या घ