मोरपंखी कॉम्प्युटर

१७ मे, रविवार

धोंड्याचा महिना लागला. तोंड धुवून होत नाही तोवर विमलाबाई कुंपणावर हजर. "काय गो रंभा, जावय कवा येतंय धोंडं खायाला?" शेजारीण आहे की पोलीस चौकी! म्हटलं येईल. तर म्हणते, "दिवालीला न्हाय आयला, शिमग्याला न्हाय आयला. आता आयला म्हंजे खरा." आणि गेली कोंबड्यांना दाणे टाकायला. आग लावायची नि वर कोंबड्यांना दाणे!

येणार कसा? रुसलाय.

विपुलला नाद जुन्या कॉम्प्युटरचा. नवा नाही — बंद पडलेला, पिवळा पडलेला, लोकांनी नकोसा झाला म्हणून काढलेला. चोरबाजारातून आण, हाटकेशच्या गाळ्यातून आण. पूनम सागरला त्या दोघांची एक खोली नि किचन. तिथं माझ्या लेकीला, संचितालाच पाय ठेवायला जागा नाही, म्हणून सगळं आणून ठेवलं आमच्या डोंगरी गावातल्या घराच्या पडवीत. मी काही बोलले नाही. जावई ना! दर रविवारी यायचा, मशीन पालथी घालायचा, स्क्रू काढायचा, आतले बारीक नंबर भिंगातून वाचायचा. मग ओरडायचा, आई, ही कुठल्या सालची ते कळलं! म्हटलं, चालते का? नाही चालत. मग सालाचं काय लोणचं घालायचंय?

दिवाळीआधी घर रंगवायला काढलं. पडवी रिकामी पाहिजे होती. त्याला फोन केला, उचलला नाही. भंगारवाला दारात उभा. दिलं सगळं. बदल्यात त्यानं टोप दिला, चांगला जाड. ह्यात माझं काय चुकलं?

रविवारी आला, रिकामी पडवी बघितली. भांडला असता तर बरं. पाणी प्यायला नि गेला. तेव्हापासून उंबरा चढला नाही. संचिता एकटी येते, ती पण घड्याळ बघत. लेक माझी, आणि पाहुणीसारखी येते.

हा महिना असाच गेला तर पुढचा धोंडा तीन वर्षांनी. तोवर रुसव्याचं लाकूड होतं. मग वाकत नाही.

१९ मे

संचिताला फोन. म्हटलं, जावयाला घेऊन ये, रीत आहे. म्हणाली, विचारते. मग तासाने तिचा फोन — येऊ, पण वाण नको म्हणतोय. अंगठी नको, चांदी नको. जेवून जाऊ.

जेवून जाऊ! खानावळ काढलीय मी?

म्हटलं, त्याला पाहिजे तरी काय? मग म्हणाली, "त्याची ती लाल बटणांची मशीन होती ना आई. बाकीच्यांचं त्याला एवढं नाही. त्या एकीचं अजून लागलंय त्याला."

लागलंय म्हणे. मशीनचं!

२० मे

ठरवलं. वाणाला कॉम्प्युटरच द्यायचा. ह्यांना सांगायचं नाही. ह्यांच्या पोटात पाणी राहत नाही, बातमी काय राहणार.

२३ मे

संचिताकडून त्या मशीनचा फोटो मागवला. कशाला म्हणाली. म्हटलं, बघायला. तिला शंका आली असणार, पण आईला उलट विचारायची सवय नाही ते बरं.

फोटो बघून डोकं उठलं. मला ती सगळी डबडी सारखीच. पडवीत असताना गोणपाट घालून ठेवायचा, वर मी लाल मिरच्या वाळवायचे. बघितलं कुणी नीट? आता चष्मा लावून बघतेय. एकच जाड पाटासारखी, बटणं वरच बसवलेली, वेगळा डबा नाही. सगळी बटणं काळी नि वरची एक ओळ लाल. खाली पोटावर चिकटवलेला कागद, त्यावर नंबर. विपुल सांगायचा, ही चाळीस वर्षांपूर्वी शाळांसाठी आलेली. त्या कागदावरून नि आतल्या हिरव्या पाटीवरून ओळख पटते. पुसायचं नाही, घासायचं नाही. पिवळेपणा पण तसाच ठेवायचा, ते तिचं वय. वय! माझं वय झालं तर कुणी असं जपत नाही.

ह्याच मशीनीच्या वेळी माझा हूक नेलेला मेल्याने. आत बटणांच्या खालची कसलीतरी पट्टी लोंबत होती, ती अडकवायला. माझ्या शिवणाच्या डब्यातला पितळी हूक — हिरव्या ब्लाउजचा, दोऱ्यासकट कापून. विचारलं नाही, पुसलं नाही. तसले हूक आता मिळत नाहीत, सगळे पत्र्याचे, दोन धुण्यात गंजतात.

२६ मे

हाटकेशला जाऊन आले. बस, मग रिक्षा, मग दुसरी रिक्षा कारण पहिल्याला गाळा माहीत नाही. ऊन असं की डांबर चपलेला चिकटतंय.

गाळा जितेश नावाच्या पोराचा. पोरगा कसला, पन्नाशीचा असेल. जुने टीव्ही, प्रिंटर, वायरींचे ढीग. मला बघून म्हणाला, "मासी, मिक्सर उधर, बाजूवाले के पास." म्हटलं, मिक्सर नको, कॉम्प्युटर पाहिजे. नवीन दुकानाचा पत्ता सांगायला लागला. मी फोटो नाकासमोर धरला. मग विचारतो, किसके लिए? म्हटलं, जमाई के लिए. जमाई ऐकल्याबरोबर स्टूल पुसून दिलं. गुजराती माणूस, त्याला कळतं जमाई म्हणजे काय.

आतून घेऊन आला, फुंकर मारली. फोटोशी ताडून बघितलं. पाटासारखी आहे. लाल ओळ आहे. खाली कागद आहे. मळकट पिवळी आहे. म्हणाला, "सेम टू सेम, मासी. जल्दी मिलता नहीं. ये तो दिवाली के टाइम किसी ने लोहे के साथ तौल में दे दिया था. लोग पागल हैं."

म्हटलं, हां भाई, दुनिया में पागलों की कमी नहीं.

भाव ऐकून उठूनच उभी राहिले. मग त्याने उतरवला, मी बसले. परत उठले, परत उतरवला. अंगठीचे पैसे बाजूला ठेवलेले होते त्यात भागलं. पिशवीत घालून मांडीवर घेऊन आले, लहान पोरासारखी. बसमधल्या बाईनं विचारलं, काय आहे मावशी? म्हटलं, पाट.

२७ मे

ह्यांनी बघितलीच. ह्यांच्यापासून लपवायचं म्हणजे घरात कपाट एकच. म्हणाले, "ह्ये तर भंगार हाय." म्हटलं, हेच पाहिजे त्याला. डोकं खाजवत गेले. दुपारी विमलाबाई आली! सांगितलंच ह्यांनी.

ती म्हणाली, वाण जाळीचं लागतं — अनारसे, बत्तासे. हे कसलं वाण? मी मशीन उलटी करून दाखवली. मागच्या बाजूला हवेसाठी चिरा आहेत. म्हटलं, ही बघ जाळी. तिनं चिरेत बोट घालून बघितलं.

पण जाताना बोलली ते डोक्यात बसलं. "जुनंपुरानं कवा वाणात देतात? जावयाला उतरलेला कपडा देशील काय?"

खरं आहे ते. जावयाला देतात ते कोरं. पाटावर मी ही पिवळी, मळकी वस्तू ठेवणार, आणि उद्या त्याच्या घरी म्हणतील सासूनं भंगारात दिलं नि भंगारच परत दिलं.

३१ मे

भाईंदरला एक जण मोटरसायकलच्या टाक्या रंगवतो. त्याच्याकडे नेली. पुसून, घासून, चकाचक करून दे म्हटलं. रंग कुठला? मोरपंखी. माझ्या लग्नातल्या शालूचा. बटणांवर चिकटपट्टी लावून घे, लाल ओळ लाल राहू दे. त्यानं खालचा कागद दाखवला — यावर रंग बसणार नाही. म्हटलं, काढ. मळका कागद ठेवायचाय काय?

विपुल म्हणायचा घासायचं नाही, ते आठवलं. पण ते त्याच्या खेळासाठी. हे वाण आहे. वाणाला नियम वेगळा.

३ जून

आणली. काय सुंदर झालीय! उन्हात धरली तर कधी हिरवी, कधी निळी. ह्यांनी सुद्धा हात फिरवला. विमलाबाईला मुद्दाम बोलावून दाखवली. तिनं पदराला बोटं पुसली, मगच हात लावला.

६ जून

अनारसे हसले. पहिला घाणा सगळा तुपात विरघळला. तांदूळ तीन दिवस भिजवले, पाणी बदललं, सगळं केलं, तरी खी-खी करून फुटतायत. जावई रुसतो, अनारसे हसतात. मला कुणीच गप्प बसून साथ देत नाही.

दुसऱ्या पिठाचे जमले. धोंडे उद्या सकाळी, त्या भंगारवाल्याच्या टोपात. तेवढा मोठा दुसरा नाही.

७ जून, रविवार

आला.

पाट मांडला, रांगोळी काढली. ह्यांनी त्याचे पाय धुतले. तो अवघडला, नको नको म्हणत होता, ह्यांनी घट्ट धरले. कुंकू लावलं. ताटात दिवा, अनारसे. मग मी मशीन आणली, कोऱ्या खणाखाली झाकून. संचिता माझ्याकडे बघायला लागली. खण काढला.

सोडून दिलेल्या फुग्यासारखं तोंड झालं त्याचं. आधी डोळे मोठे — लाल ओळ ओळखली. मग रंग बघितला.

हळूच पालथी केली. विचारलं, "आई, इथे एक स्टिकर असेल ना?"

म्हटलं, होता. मळलेला. काढला.

"हं," म्हणाला. मग म्हणाला, छान झालीय. छान! पेशंटला डॉक्टर सांगतो तसं.

जेवला. पुरणाचे धोंडे चार घेतो एरवी, दोनच घेतले. श्रावण नसला तरी अधिक आहे, म्हणून बोंबील नाहीत, नाहीतर बघितलं असतं कसा दोनवर थांबतो. निघताना वाकून नमस्कार केला, मशीन त्याच खणात बांधली नि रिक्षात मांडीवर घेऊन बसला. परत कधी येतो ते बोलला नाही. मीही विचारलं नाही. का विचारू?

टोप घासताना आपटला. पोचा आला.

८ जून

फोन नाही.

९ जून

मीच केला. संचिता दबक्या आवाजात बोलत होती. म्हणजे तो शेजारीच बसलेला. म्हणाली, "आई, तू एवढ्या लांब गेलीस त्याच्यासाठी, ते कळलंय त्याला. पण स्टिकर गेला म्हणजे ती कुठली, कुणाची, काहीच सांगता येत नाही. रंगाखाली सगळं गेलं. त्याला बोलता येत नाही तुला, म्हणून तो गप्प आहे."

म्हटलं, मग बोलायचं! तोंडाला कुलूप आहे काय? मशीनचं साल विचारतो, सासूला दोन शब्द विचारत नाही. मी म्हटलं, परत दे, मी रॉकेलने पुसून देते. संचिता जवळजवळ ओरडली — नको, हात लावू नकोस!

हात लावू नकोस. माझंच वाण.

ठेवला फोन. ह्यांनी विचारलं काय झालं. म्हटलं, तुमच्या जावयाला जुनंच आवडतं, तुम्ही जा त्याच्याकडे.

११ जून

महिना संपत आला. विमलाबाईनं विचारलं, जावयाला वाण आवडलं का? म्हटलं, खूप. ती बघतच राहिली माझ्याकडे. मी कोंबड्यांना दाणे टाकायला गेले. तिच्याच कोंबड्या.

१२ जून

संध्याकाळी फोटो आला. विपुलकडून, संचिताकडून नाही. मशीन उघडलेली, वरचं मोरपंखी झाकण बाजूला. चष्मा शोधला. हिरवी पाटी, वायरी, आणि कडेला एक पट्टी — पितळी हुकानं अडकवलेली. हुकाला हिरवा दोरा.

माझा हूक. माझ्या ब्लाउजचा.

लोखंडासोबत तौलात घालणारी ती पागल बाई म्हणजे मीच की!

खाली त्यानं लिहिलंय — आई, आपलीच आहे. रविवारी घेऊन येतो, पडवीत ठेवू. रंग राहू दे.

टाइप करायला मला वेळ लागतो. एवढंच लिहिलं — हूक पण राहू दे.