होडी आली, तू

ता. ४ मार्च

तुझ्या कारखान्याची अकरा पेनं मी केरात टाकली. दोन-तीन शब्द लिहिले की मुकी होतात. असला माल करून पगार घ्यायला लाज कशी वाटत नाही गं तुम्हाला?

चि. शाईवालीस आशीर्वाद. आधी भांडून घेतलं, आता पोट हलकं झालं.

वाचा गेल्यापासून तुझे आजोबा उताणे पडून, पुठ्ठा तोंडावर धरून लिहितात. खिडकीखालच्या बादलीतल्या पाण्यावरचं ऊन छतावर डुलतं, ते दिवसभर बघत राहतात. रोज नवा कागद, रोज तेच: ‘होडी आली, तू’. पुढे पेन बंद. पुढचं लिहा म्हणून मी रोज कटकट केली. त्यांनी पेन चोखलं, जीभ निळी झाली. विष तर नसतं ना ते? परवा पेन भिरकावून भिंतीकडे तोंड केलं, ते अजून वळवलं नाही. जेवणालाही हात लावत नाहीत, नुसतं दूध घेतात. ते अर्धं वाक्य माझ्या डोक्यात कुसळासारखं रुतलंय.

लोभ तुझ्यावर आहे, पेनावर नाही.
आजी

ता. ९ मार्च

ती. आजीस सा. न. वि. वि.

केर उपस, पेनं जिवंत आहेत. बॉलपेनची शाई वजनाने टोकाकडे उतरते. टोक छताकडे केलं की ती मागे राहते आणि रिफिलमध्ये हवा शिरते. माझ्या टेबलावर लोकांची अशी पत्रं रोज येतात. टोक खाली धरून गोल गोल गिरगटलंस तर बहुतेक चालतील, पण आजोबांना पेन्सिल दे. जिभेला लागली तेवढ्या शाईने काही होत नाही, ओल्या फडक्याने पूस. टोपणं तेवढी लांब ठेव, घशात अडकतात.

त्यांचे कागद टाकू नकोस. शाई थांबली तरी हात थांबला नसेल. कोरडं टोकही कागदावर वळ उठवतं. पेन्सिल आडवी धरून वरून हलकेच फिरव.

रागावत राहा, म्हणजे ख्यालीखुशाली कळते.
तुझी शाईवाली

ता. १५ मार्च

चि. शाईवालीस आशीर्वाद.

पेन्सिल फिरवली. करड्या धुक्यातून पांढरी अक्षरं वर आली. मला लावून वाचायला सकाळ गेली, दूध उतू गेलं. अकराही कागदांवर एकच होतं: ‘होडी आली, तू कामं टाकून ये. जागा दोघांची आहे.’

अकरा दिवस बोलावत होते, आणि मी उशाशी उभी राहून खेकसत होते.

मग भर दुपारी, धुणं तसंच टाकून, त्यांच्या शेजारी आडवी झाले. छत खरंच वाहतं गं, आणि खाट होडीसारखी डुलते. भिजतील म्हणून मी पाय आखडून घेतले. बऱ्याच वेळाने त्यांनी तोंड वळवलं, पेन्सिल मागितली आणि लिहिलं, की उशीर केलास. मग दोन घास खाल्ले. मीठ कमी आहे, हेही लिहून कळवलं.

पेनं धुऊन ठेवलीत. शिव्या मागे घेत नाही, पुढे उपयोगी पडतील.

आता त्यांनी विचारलंय, की तू येईपर्यंत होडी थांबवायची का. याचं उत्तर तू द्यायचं, नेहमीसारखं तुझ्या वतीने तुझ्या आईने नाही. आणि त्यांना द्यायचं, मला नाही.
आजी