तवंगाखालचं पाणी

माय, मागच्या वेळी तुला लिहिलं होतं की पंपामागच्या विहिरीचं पाणी निवळलं, आणि तसा कागद मीच तयार केला. पाणी निवळलेलं नाही. कागद मात्र मीच केला.

माझं काम तू गेल्यावरचं, म्हणून सांगते. सेनगावच्या रस्त्यावर एका पेट्रोल पंपाची जमिनीतली टाकी गळत होती. ती काढली, तेल मुरलेली माती उपसून नेली, आणि खालच्या पाण्यात पेट्रोल किती उरलंय ते बघायला आजूबाजूला बोअर पाडले. दर महिन्याला त्या बोअरमधून आणि मागच्या वस्तीच्या विहिरीतून पाण्याचे नमुने घ्यायचे, बाटल्या बर्फात ठेवून तपासणीला पाठवायच्या, एवढं माझ्याकडे. पेट्रोल पाण्यावर तरंगतं. म्हणून विहिरीत बाटली अलगद टेकवायची, वरचं पाणी आधी घ्यायचं. हे मला पाठ आहे.

मी सात वर्षांची आहे. आपल्या विहिरीवर तू माझ्या हातात पहिल्यांदा दोर देतेस. मी बादली तशीच सोडते, भरून वर काढते, आणि तू ती माझ्या पायावर ओततेस. "वरचा तवंग पाजतीस का समद्यांला? दोन हिसके दे, बाजूला सार, मंग बुडव." बाया हसतात. एक म्हणते, "असू दे वो, लेकरू हाय." तू म्हणतेस, "लेकरू हाय म्हून तर आत्ता सांगून राहिले." पुढे मी शाळेत गेले, कॉलेजात गेले, आपल्या घरातली पहिलीच. हात मात्र तू शिकवलेलाच राहिला.

गेल्या आठवड्यात बाटल्या घेऊन गेले तेव्हा वस्तीतली एक मावशी पाणी काढत होती. तिने दोराला दोन हिसके दिले. मी विचारलं, "काहून हिसके देता मावशी?"

"वर वास मारतो ना बाई जरासा. खालचं चांगलं हाय. तुमच्याच कागदात लिवलंय म्हनं. म्हून तर टँकर बंद केला, दोन महिने झाले." मग हसली. "आन् तुमी बी तर तसेच हिसके देता की! आमी म्हनलो, शिकलेली हाय, पर पोरगी आपल्यातलीच हाय."

तोवर मला ठाऊक नव्हतं की मी तसं करते. ती गेल्यावर मी बाटली हलू न देता पाण्याला टेकवली. वर आली तेव्हा तोंडाशी निळी-जांभळी रेघ होती, आणि तो वास. म्हणजे आधीच्या बाटल्या मी तवंग बाजूला सारून भरल्या होत्या, सगळ्या.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, रिपोर्ट वर गेला. आता काहून उकरून राहिल्या? पुढच्या महिन्यात बराबर घ्या, झालं." पुढच्या महिन्यापर्यंत वस्ती काय पिणार, हे मी विचारलं नाही.

तुझ्यावर रागवून बघितलं. जमलं नाही. आपल्या विहिरीवर पाला होता, धूळ होती. तुझं बरोबरच होतं. आता मी खरं बोलले तरी प्यायलेलं पाणी कुणाच्या अंगातून परत निघत नाही. टँकर पुन्हा सुरू होईल असंही वाटत नाही. एकदा चांगलं ठरलेलं पाणी वाईट ठरवायला कुणाला आवडेल? नोकरी जाईल, आणि वस्तीतल्या बाया माझ्याकडे कशा बघतील ते मला आत्ताच दिसतंय.

साहेबांचं नाव न घेता लेखी अर्ज लिहून ठेवलाय. माझी चूक, माझी सही. बुधवारी वस्तीवर जाऊन सांगायचं आणि मग अर्ज द्यायचा, असं ठरवलं होतं. पण तुला खोटं लिहवत नाही. बुधवारी मावशी कळमनुरीला लेकीकडे जाणार आहे, हे मला माहीत होतं. म्हणून बुधवार धरला होता.

आज सोमवार. मी उद्या जाते, मंगळवारी, बाया पाण्याला यायच्या आधीच विहिरीवर उभी राहते.