पेशंट कोण?

चि. सौ. पद्मावतीस मंगळवार पेठेतल्या राजमती आक्काचा आशीर्वाद आणि जय जिनेंद्र. मलकापुरात समदी बरी असतील, म्हशी दूध देत असतील. फोनवर तू "बरी हाय गं" म्हणून ठेवतीस, म्हणून दवाखान्यातनं, पडल्या पडल्या हे पत्र लिहितीय.

गेल्या महिन्यात अण्णासोंना अटॅक आला, ते तुला ठावं हायच. (नवऱ्याचं नाव घेतेय, पण इथं काउंटरवर रोज सांगून सांगून लाज गेली.) न्याहारीला बसल्या बसल्या छाती धरून "मेलो!" अशी आरोळी ठोकली की आख्खी पेठ गोळा झाली. अर्ध्या तासात दवाखाना, ईसीजी, लगोलग स्टेंट. शहाळी एवढी आली की कॉटखाली पाय ठेवायला जागा न्हाय.

पंधरा दिवसांनी, त्यांना बघायला आलेल्या पावण्यांचा चहा करताना माझा जबडा दुखायला लागला. पाठीत कळ, मळमळ, पदर घामानं चिंब. (मी बी ओरडले असते, पण गॅसवर दूध होतं.) कोपऱ्यावरचे डॉक्टर नाडीसुद्धा न बघता म्हणाले, पित्त हाय मावशी, उपास कमी करा. अण्णासो म्हणाले, टेन्शन. शेजारणीनं ओवा दिला. त्यात दिवस मावळलेला. रात्री पाणीसुद्धा न घ्यायचं माझं व्रत, म्हणून ती पित्ताची गोळी सकाळपर्यंत पदराला बांधून बसले. दुखण्याला कसलं व्रत! ते रातभर चालूच होतं.

दुसऱ्या दिवशी अण्णासोंच्या तपासणीला फाइल धरून मीच गेलते. दारातच डोळ्यांपुढं अंधारी आली, खाली बसले. नर्स धावत आली, "पेशंट कोण?" आणि पद्मा, मी माझ्या हातानं यांच्याकडं बोट दाखवलं! सवय गं, दुसरं काय. त्यांना उचलून कॉटवर घातलं, ईसीजी काढला, झकास आला. तवर मी भिंतीला टेकून त्यांच्या चपला सांभाळत होते. शेवटी एका तरण्या डॉक्टरीणबाईंनी माझा घाम बघितला आणि माझाही ईसीजी काढला. कागद दोनदा निरखून बघितला. म्हणाल्या, "आजी, आजार दोघांना एकच. त्यांना उपचार मिळायला अर्धा तास लागला, तुम्हाला अठरा तास. तेवढ्यात तुमच्या हृदयाचा एक भाग मेला, तो परत यायचा नाही."

लई राग आला. त्या डॉक्टरांचा, यांचा, आणि सगळ्यात जास्त माझ्या त्या बोटाचा. आता बघायला येणारे म्हणतात, लवकर बरी हो, अण्णासोंचं जेवणाचं हाल व्हायलेत.

तुझी,
राजमती आक्का

ता. क. परवा तू माझ्या नातीला, आदितीला म्हणालीस की धार काढताना जबड्यात नि पाठीत कळ येती, सोडा घेतला की थांबती. तसलीच कळ ती, पद्मा. मला भ्या वाटतंय. आजच्या आज ये, आमच्या पावण्यांना, तुझ्या मालकांना संगं आण. काउंटरवर छाती त्यांनी धरायची, "मेलो" म्हणून त्यांनीच ओरडायचं. कॉट मोकळी केली की तिच्यावर तू झोपायचं.

आणखी एक. पत्र घेऊन आलेली आमची आदिती दारातच उभी हाय, गाडी चालू हाय. तिला चहा करायला आत जाऊ नको.