डीप फ्रीझरवरची गोधडी

खाडीवरचं घर, डोंबिवली पश्चिम
रविवार, दुपार (लाईट आहे)

तीर्थस्वरूप आवडाकाकीस,

जयेशचा पाया पडून नमस्कार. गुडघा कसा आहे? माजिवड्याला एकोणिसाव्या मजल्यावर वारा भरपूर असेल, पण त्याला सुकटीचा वास नसणार, म्हणून तुला झोप लागत नसेल असं मी आपलं धरून चालतो. इकडे मी ठीक. पत्र गोदामावशीच्या हाती पाठवतोय, कारण ती तुमच्या बाजूच्या मार्केटात टोपली घेऊन बसते. मोबाईलवर लिहिलं की तुझ्याआधी तुझी मेघाली वाचते आणि मला डोळे वटारलेली तीन तोंडं पाठवते. तर चष्मा लाव आणि हे तूच वाच. लेकीला दाखवू नको.

विषय लाईट बिलाचा. एकट्या माणसाला आठ हजार दोनशे चाळीस रुपये बिल आलं म्हणून तू फोनवर मला जे बोललीस ते इथे लिहीत नाही (गोदामावशी पत्र उघडून बघते). मेघालीचंही काही चुकत नाही. नऊ खोल्या, अकरा पंखे, तीन गिझर, पाण्याची मोटार, आणि राहणारा मी एकटा, तोही दहावीला दोनदा बसलेला. हे घर नाही, हत्ती पाळलाय, दसऱ्याला बिल्डरला देऊन मोकळे होऊ, असं ती मागून म्हणाली आणि तू गप्प बसलीस. ते गप्प बसणं मला इथपर्यंत ऐकू आलं. तेव्हाच ठरवलं, दसऱ्याच्या आत बिल खाली आणायचं. सही तुझी लागणार आहे, पण तुझ्या हातात निदान एक बरं बिल तरी असू दे.

प्रेम वायरमनने युक्ती दिली. एकेक बटण बंद करत जायचं आणि मीटरचा लाल दिवा किती भरभर मिचकतो ते बघायचं. (युनिटचं म्हणे जिन्यासारखं असतं, पहिले शंभर स्वस्त, मग वर चढाल तसा दम लागतो.) गोदामावशीला मीटरपाशी उभी केली आणि मी वर गेलो. मी ओरडायचो, "कमी झालं?" ती खालून, "नाय रं, मेला तसाच डोळा मारतंय!" पंधरा मिनिटांत अख्ख्या आळीत झालं की गोदाला कोणीतरी डोळा मारतंय. शेजारचे सीतारामबाबा तर बघायला खुर्ची घेऊन आले.

खरं तर हे काम तासाभराचं. मला दोन दिवस लागले, कारण मी एका खोलीत शिरलो की तिथेच अडकायचो. मधल्या खोलीतला पंखा अजून टक टक करतो. त्याच्याखाली आम्ही सात पोरं आडवी पडायचो आणि मधली जागा मिळावी म्हणून जेवण अर्धं टाकून पळायचो. जिन्यातल्या बटणाला अजून मिठाचा हात लागल्यासारखा डाग आहे, तो सुकं खारवताना तुझाच लागलेला. एकोणीस माणसं होतो तेव्हा या घराचं बिल आलं की कोर्ट भरायचं, आठवतं? कान्हाकाका जेवायला बसायच्या आधी बिल मोठ्याने वाचायचे, मग एकेकाकडे बघायचे. ज्याने महिनाभर बटणं नीट बंद केली त्याला जिताडा माशाचं डोकं, म्हणजे मानाचा तुकडा. पंखा चालू सोडून खेळायला पळाला त्याला शेपटी. मी अठरा वर्षं शेपटीवर वाढलोय, काकी. एवढी शेपटी खाल्लेला माणूस एका जागी टिकेल कसा? (माझ्या भटकण्याचं मी लोकांना हेच कारण सांगतो.)

असो. मंगळवारी सगळी बटणं बंद झाली तरी दिवा मिचकतच होता. मागच्या पडवीत तो डीप फ्रीझर घुरघुरत होता. प्रेमने झाकण उघडून बघितलं, रबर पार गेलेलं. म्हणाला, "भाई, हा एकटा तुझं अर्धं बिल खातो." आत तर नुसता बर्फाचा डोंगर. तू जाताना बजावून गेलेलीस की बाकी काय हवं ते बंद कर, याला हात लावू नको. का, ते नाही सांगितलंस. लाईट गेली की तू त्याच्यावर गोधडी घालायचीस तेही मी बघितलेलं, आणि मला वाटायचं, वयाचं आहे. तर मी प्लग काढला. माफ कर.

बुधवारी सकाळी पडवीत पाणी. गोदामावशी आणि मी तांब्याने पाणी उपसत होतो तेव्हा बर्फातून एक पिशवी वर आली. जिताडा. माझ्या हाताएवढा, अख्खा, अजून दगडासारखा कडक. जाळ्याच्या दोरीने बांधलेला, गाठ काकांची. वर चिकटपट्टी आणि तिच्यावर काकांच्या अक्षरात पेनाने लिहिलेलं, "जयेश आला की करायचा. डोकं त्याला."

मी तिथेच पाण्यात बसलो. गोदामावशी एकटीच तांब्याने पाणी उपसत राहिली. 

तीन वर्षांपूर्वी मी वेरावळला दुसऱ्याच्या बोटीवर होतो आणि मोबाईल समुद्रात पडलेला. आलो तो थेट काकांच्या तेराव्याला. तू मला वाढलंस, अजून घे म्हणालीस, आणि या जिताड्याचा एक शब्द काढला नाहीस. नंतर मी चारदा आलो, चारदा गेलो. प्रत्येक वेळी तू विचारायचीस, "आता राहणार ना रे?" मी म्हणायचो, बघू. आता कळतंय तू काय विचारत होतीस.

बाकी सगळं क्षेम. खाडीला पाणी चांगलं आहे. मेघालीला आशीर्वाद, म्हणजे ती मोठी आहे, तर नमस्कार.

तुझाच,
जयेश

ता. क. : प्लग तेव्हाच परत लावला आणि वर गोधडी घातली. म्हणजे पुढचं बिलही आठ हजाराचंच येणार. ते आलं की मेघाली तुझ्यापुढे कागद ठेवेल. म्हणून खरं ते लिहितो. तू ये. रिक्षाचे पैसे मी देतो, जिना चढू नको, खाली तुझी खाट लावलीय. जिताडा तू कर. तो झाला की फ्रीझर बंद, अर्धं बिल गेलं, मग घर ठेवायचं की नाही ते बोलू. मी राहणार आहे. बघू नाही, राहणार.

ता. क. २ : गोदामावशी म्हणते तीन वर्षांत त्याचं रबर झालं असेल. झालं तर झालं, खाडीला परत देऊ. पण मसाला तू वाट.

ता. क. ३ : हे लिहिता लिहिता आठवलं, वरचा गिझर शुक्रवारपासून चालू आहे. डोकं तूच घे. मला शेपटी वाढ.